अ‍ॅक्रिलिकच्या टाकीला दोन भोकं : वाशीतल्या एका दवाखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

वाशीत पहिल्या मजल्यावर दातांचा एक दवाखाना आहे. बाहेरच्या खोलीत, पेशंट थांबतात तिथे, भिंतीला लागून चार फुटी माशांची टाकी आहे. आतल्या खुर्चीची धास्ती घेऊन आलेली पोरं दहा मिनिटं माशांत रमावीत, एवढाच तिचा उपयोग. आधी ती काचेची होती. एका मुलाने खेळण्यातली लोखंडी गाडी आपटली, कोपऱ्याचा टवका उडाला, तेव्हा डॉक्टरांनी तुर्भे एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची, नवी टाकी करून घेतली. बाहेरून १२०० × ४५० × ५२५ मिमी, जाडी १२ मिमी, वरच्या कडेने आतल्या बाजूला ५० मिमी रुंदीची पट्टी. अ‍ॅक्रिलिक काचेच्या निम्म्याहूनही हलकं, त्यामुळे रिकामी टाकी दोघांनी आरामात जिन्याने वर नेली.

या टाकीतल्या माशांची निगा माझ्याकडे असते, म्हणून पुढचं सगळं जवळून पाहता आलं. डॉक्टर आणि कारागीर दोघांना विचारून, नावं गाळून ते मांडतो आहे. अ‍ॅक्रिलिकला भोक पाडण्याचं तंत्र हजार ठिकाणी सांगितलेलं असतं. भोक पाडून झाल्यावर काय होतं, ते फारसं कुणी सांगत नाही.

अडचण

टाकीला बाहेरचा डबा फिल्टर होता. त्याचे दोन पाइप काठावरून आत सोडलेले, हीटर मागच्या कोपऱ्यात लटकलेला. दिसायला ओंगळ, पण त्याने डॉक्टरांचं काही अडत नव्हतं. अडलं ते एका संध्याकाळी. एका मुलीने पाइप ओढला, त्याचं तोंड टाकीबाहेर आलं आणि फिल्टरचं पाणी थेट फरशीवर. रिसेप्शनच्या टेबलाखालचा एक्स्टेन्शन बोर्ड पाण्यापासून वीतभर लांब होता. शॉक कुणाला बसला नाही, पण डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "पोरांच्या हाताला लागेल असं काहीही टाकीवर नको. सगळं खालच्या कपाटात गेलं पाहिजे."

सगळं कपाटात न्यायचं म्हणजे खाली संप हवा, म्हणजे वरून उतरलेलं पाणी जमवून पंपाने परत वर पाठवणारी दुसरी टाकी. आणि संपात पाणी आपोआप उतरायचं, तर टाकीला भोक हवं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता तोच फिल्टर ठेवून पाइपांवर झाकण बसवण्याचा. स्वस्त आणि सोपा. डॉक्टरांनी तो लगेच बाजूला ठेवला, कारण झाकण उघडणारी पोरंही त्यांच्याच दवाखान्यात येतात.

दुसरा, काठावर अडकवायचा सायफन. भोक न पाडता पाणी खाली नेतो, म्हणून बऱ्याच जणांना मोह होतो. त्याची खोड अशी, की लाइट गेल्यावर किंवा आत हवा साठल्यावर सायफन तुटू शकतो. लाइट आली की खालचा पंप मात्र इमानदारीने पाणी वर फेकू लागतो. खाली यायला वाट नाही, मग ते काठावरून जमिनीवर. रविवारी दवाखाना बंद असतो. बंद दाराआड हे घडलं तर खालच्या दुकानाच्या छतातून पाणी गळेपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही. हा पर्याय मी स्वतःच मोडीत काढला.

तिसरा, आयती भोकं असलेली नवी टाकी. कारखान्याचं मत हेच होतं, आणि त्यात तथ्य होतं: सुटी शीट सपाट टेबलावर ठेवून, राउटरला (शीट कोरणाऱ्या फिरत्या पात्याच्या यंत्राला) साचा लावून पाडलेल्या भोकाची सर जोडलेल्या टाकीत पाडलेल्या भोकाला येत नाही. पण टाकी वर्षभराचीही झाली नव्हती. डॉक्टरांनी नाही म्हटलं.

उरला चौथा, आहे त्याच टाकीला भोक.

इथे पहिला खरा निर्णय आला: तळाला की मागच्या भिंतीला? तळातून पाइप नेले तर मागून काही दिसत नाही आणि टाकी भिंतीला चिकटवता येते. पण तळाच्या भोकाचा वायसर गेला, तर शेवटच्या थेंबापर्यंत टाकी रिकामी होते. मागच्या भिंतीला वरच्या बाजूला भोक असेल, तर पाणी त्या भोकाच्या पातळीपर्यंतच उतरतं, मासे जगतात. दाबाचाही हिशेब आहे. तळाशी अर्धा मीटर पाण्याचा दाब, म्हणजे साधारण ५ किलोपास्कल. वरून आठ-नऊ सेंटीमीटरवर तो एका किलोपास्कलच्याही आत. मागची भिंत ठरली.

भोकं किती, यावर थोडी घासाघीस झाली. डॉक्टरांना एकच हवं होतं. मी दोनवर अडून राहिलो: एक रोजच्या पाण्याला, दुसरं त्याच्या जरा वरच्या पातळीला उघडणारं, एरवी कोरडं. पहिल्यात गोगलगाय किंवा पान अडकलं तर दुसरं धावून येतं. पंपाकडून वर येणारा पाइप मात्र काठावरूनच न्यायचा, मागच्या कोपऱ्यात, क्लिपने घट्ट. त्याच्यासाठी तिसरं भोक पाडण्यात काही अर्थ नव्हता.

भोक कोण पाडणार

वाशीतच एक काचवाला डॉक्टरांच्या ओळखीचा. तो येऊन टाकी बघून गेला आणि म्हणाला, "मॅडम, काच काय नि अ‍ॅक्रिलिक काय, पाच मिनिटांचं काम."

माणूस कसबी होता, काचेत त्याचा हात बसलेला. त्याला एवढीच विनंती केली, की आधी तुकड्यावर दाखवा. कारखान्यातून त्याच शीटचा उरलेला तुकडा मागवला होता. त्याने डायमंडचा पोकळ बिट लावला, पाण्याची बाटली हातात घेतली आणि काचेला देतो तोच वेग दिला. अर्ध्या मिनिटात बिटच्या तोंडाशी पांढरा, च्युइंगमसारखा चिकट गोळा जमला आणि तिखट गोडसर वास सुटला. भोक पडलं, पण त्याची कड वितळून पुन्हा थिजलेली, खडबडीत.

कारण साधं आहे. डायमंडचा बिट कापत नाही, घासतो. काच घासली की तिची पूड होते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. अ‍ॅक्रिलिक उष्णता वाहून नेत नाही, ती घासल्या जागीच साठते. साधारण १०५ अंश सेल्सिअसला ते मऊ पडतं, आणि घर्षणात तेवढं तापमान यायला वेळ लागत नाही. त्याला हवा दातांचा, कापणारा बिट आणि हळू वेग. काचवाल्याने तुकडा उलटसुलट करून पाहिला, म्हणाला, "हे आपलं काम नाही," आणि चहा घेऊन गेला. काम कारखान्यातल्या कारागिराकडे गेलं. त्यांना सगळे काका म्हणतात, मीही तेच म्हणतो.

आखणी

काकांनी आधी टँक निपल, म्हणजे भोकात बसवून पाइप जोडायचा आट्याचा तुकडा, हातात मागितलं. "भोक पुस्तकातल्या मापाचं नसतं, आणलेल्या मालाच्या मापाचं असतं." एक इंची निपलच्या आट्यावर व्हर्निअर लावलं, ३३ मिमीच्या किंचित वर भरलं. भोक ३५ मिमीचं ठरलं. निपल आत ठोकून बसवायला लागेल इतकं घट्ट नको आणि वायसर एका बाजूला सरकेल इतकं सैलही नको.

जागा अशी: भोकाचं केंद्र वरच्या काठापासून ९० मिमी, बाजूच्या जोडापासून १२० मिमी, दोन भोकांच्या केंद्रांत ११० मिमी. भोकाच्या कडेपासून शीटच्या कडेपर्यंत, आणि एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत, निदान भोकाच्या व्यासाइतकी सलग जागा राहावी हा नेहमीचा अंदाज. इथे त्याच्या दुप्पट जागा मिळत होती. नटाला पाना फिरवायलाही जागा लागते, हे कागदावर आखताना हटकून विसरलं जातं.

संपाचं गणित त्याच दिवशी केलं. टाकीचं आतलं क्षेत्रफळ जवळपास अर्धा चौरस मीटर, म्हणजे पाण्याची पातळी एक सेंटीमीटर उतरली की ५ लिटर खाली. पंप थांबल्यावर वर येणाऱ्या पाइपचं तोंड उघडं पडेपर्यंत पाणी उलटं उतरतं. ते तोंड ४ सेंटीमीटर बुडालेलं ठेवायचं ठरलं, म्हणून २० लिटर, वर पाइपातलं आणि भोकांसमोर आतून बसणाऱ्या पन्हाळीतलं थोडं. संपात ३० लिटरची जागा कायम मोकळी ठेवायची, आणि तिथे मार्करने रेघ मारायची.

प्रत्यक्ष काम

मासे आदल्या दिवशी स्पंज फिल्टर लावलेल्या ड्रममध्ये हलवले, जुन्या फिल्टरमधला मालही त्याच पाण्यात चालू ठेवला. टाकी धुऊन, पुसून, टेम्पोने तुर्भ्याला.

काकांनी टाकी समोरच्या भिंतीवर, जाड फोमवर आडवी झोपवली, म्हणजे मागची भिंत वर आली. मग आतून, भोक पडणार त्या जागेखाली, लाकडाची फळी लावली आणि फळीला खालून नेमक्या उंचीचा लाकडी टेकू दिला. हा टेकू मला सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. बिट पलीकडे निघताना शेवटचा मिलीमीटरभर थर कापला जात नाही, ढकलला जातो, आणि टवका उडतो तो तिथेच. खाली फळी घट्ट भिडलेली असेल, तर त्या थराला पळायला जागा उरत नाही.

होल सॉ म्हणजे गोल भोक कापणारी दातेरी वाटी; तिला जागेवर धरणाऱ्या मधल्या पायलट बिटची धारही त्यांनी आधी दगडावर मारली. लोखंडाच्या बिटची पाती अ‍ॅक्रिलिकमध्ये स्क्रूसारखी शिरते आणि माल ओढून घेते. धार जरा सपाट केली की ती ओढत नाही, खरवडते. बारीक दातांचा नवा होल सॉ, बॅटरीवरची ड्रिल मशीन, हळू गिअर. विजेची मशीन नाही, कारण भोकाभोवती मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा कडा करून त्यात पाणी भरलेलं होतं.

पाच-सहा सेकंद कापायचं, मशीन उचलायची, दातांतला कीस ब्रशने काढायचा, पुन्हा पाणी. कीस पांढरा, सुटा, नारळाच्या किसासारखा पडत होता. तो चिकटायला लागला, की थांबायचं. काका मशीनवर वजन टाकत नव्हते, मशीनच्या वजनाने जेवढं कापलं जाईल तेवढंच. पहिलं भोक पूर्ण व्हायला पंधरा मिनिटं सहज लागली असतील. दुसरं तसंच.

मग कडा. दुसऱ्या भोकाची कड त्यांनी स्क्रेपरने मोडली आणि ४००, ८००, १२०० नंबरच्या पाणकागदाने हाताने घासली. पण त्याआधीच, पहिल्या भोकाच्या कडेवरून, त्यांच्या पोऱ्याने सवयीने गॅसची ज्योत फिरवून घेतली होती. नावाच्या पाट्या, ट्रॉफ्या, शोकेस यांना कारखान्यात हेच करतात. एका झटक्यात कड काचेसारखी चमकते. काका एवढंच म्हणाले, "अरे, पाण्याच्या कामाला आग नको." पण भोक सुरेख दिसत होतं, कुठे चीर नव्हती. ते तसंच राहिलं. हा प्रकरणातला दुसरा निर्णय, आणि तो निर्णय आहे असं त्या वेळी कुणालाच वाटलं नाही.

जोडणी

निपलची कॉलर आणि रबरी वायसर पाण्याच्या बाजूला, नट बाहेर. हाताने घट्ट, मग पान्याने पाव फेरा, बस्स. पाइप चिकटवायचं पीव्हीसी सोल्यूशन टाकीजवळ आणलंच नाही. त्यातली द्रावणं अ‍ॅक्रिलिकलाही खातात आणि त्यांची वाफ भोकाच्या कडेला बाधते. एल्बो आणि पाइपचे तुकडे बाहेर गॅलरीत चिकटवून, रात्रभर वाळवून, दुसऱ्या दिवशी आट्यावर फिरवले. आतल्या बाजूला दात काढलेली अ‍ॅक्रिलिकची पन्हाळ बसवली. तिला सिलिकॉन लावलं नाही, ते अ‍ॅक्रिलिकला नीट धरत नाही. ती काकांनी कारखान्यातच सांध्यात जोडणारं द्रावण सोडून चिकटवली होती.

दवाखान्यात पाणी भरलं, पंप चालू-बंद करून पाहिला, संपातलं पाणी रेघेच्या आतच थांबलं. सगळे खूश. तासाला दीड हजार लिटरचा पंप, पण आवाज कपाटाबाहेर येत नव्हता.

मग चिरा दिसल्या

काही आठवड्यांनी महिन्याच्या फेरीला गेलो, तेव्हा मागे टॉर्च मारला. पहिल्या भोकाभोवती, नटाच्या कडेबाहेर, केसाइतक्या बारीक चमकत्या रेघा. नखाला लागत नव्हत्या, पाणीही गळत नव्हतं. टॉर्च तिरपा धरला की चमकायच्या, सरळ धरला की गायब. भोकाच्या कडेपासून चार-पाच मिलीमीटरपर्यंत पसरलेल्या. दुसऱ्या भोकाभोवती एकही नाही.

एकाच शीटला, एकाच हाताने, एकाच बिटने पाडलेली भोकं. फरक ज्योतीचा. ज्योतीने वरचा पातळ थर वितळतो, आणि थंड होताना आकसतो. खालचा थंड माल त्याला आकसू देत नाही. तो ताण तिथेच अडकून राहतो. नुसत्या ताणाने चिरा पडायला मात्र खूप काळ लागला असता. त्यांना कुणीतरी घाई केली होती.

ते कोण, हे विचारायला वेळ लागला नाही. सफाईच्या मावशी रोज संध्याकाळी दवाखान्यातली प्रत्येक वस्तू स्पिरिटने पुसतात. खुर्ची, दाराची मूठ, काउंटर, आणि टाकी. मागचे पाइपसुद्धा, कारण तिथे धूळ बसते. नियम डॉक्टरांचाच, आणि दातांच्या दवाखान्यात तो हवाच. पण ताणाखालच्या अ‍ॅक्रिलिकला अल्कोहोल लागलं, की अशाच चिरा पडतात. काच पुसायच्या अमोनियाच्या फवाऱ्याचं आणि थिनरचंही तेच.

खात्री करायला डॉक्टरांनी एक छान गोष्ट केली. कॉलेजात शिकलेलं आठवून त्यांनी लॅपटॉपचा पांढरा पडदा टाकीच्या समोरच्या बाजूने लावला आणि मागून गाडी चालवतानाचा पोलरॉइड गॉगल डोळ्यांवर चढवून पाहिलं. लॅपटॉपचा प्रकाश ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो, आणि ताणलेलं अ‍ॅक्रिलिक त्याला रंगांत फोडतं. पहिल्या भोकाभोवती निळे-नारिंगी पट्टे स्पष्ट. दुसऱ्याभोवती फिकट, जवळपास काहीच नाही.

दुसऱ्यांदा पर्याय

काहीच न करता लक्ष ठेवणं, हा डॉक्टरांचा पहिला कल. मला तो धोक्याचा वाटला: चिरा थांबल्यात की वाढतायत हे गळती सुरू होईपर्यंत कळत नाही, आणि नटाखालचा भाग दिसतच नाही.

कारखान्यात ८० अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये तापवून, सावकाश थंड करून ताण काढता येतो. पण चार फुटी टाकी मावेल असा ओव्हन काकांकडे नव्हता, आणि पडलेल्या चिरा त्याने भरूनही येत नाहीत. भोकावर अ‍ॅक्रिलिकची दुसरी चकती जोडून जाडी वाढवावी, असंही निघालं. काकांनीच ते खोडलं. जोडायला जे द्रावण लागतं, तेच चिरांत शिरून त्या आणखी पसरवणार.

शेवटी ठरलं चिरा पडलेला भागच कापून काढायचा. ३५ चं भोक ५० मिमीचं करायचं आणि तिथे दीड इंची निपल बसवायचं. त्याचा आटा ४८ मिमीच्या आसपास भरतो. मोठ्या भोकामुळे दुसऱ्या भोकापर्यंत अजूनही साडेसदुसष्ट मिलीमीटर सलग माल उरत होता.

मोठं करताना पायलट बिटला मधे माल नसतो, होल सॉ भरकटतो. काकांनी प्लायवुडच्या तुकड्याला आधी ५० चं भोक पाडलं, तो तुकडा टाकीवर क्लॅम्पने पक्का केला आणि त्या भोकाच्या आधाराने सॉ चालवला. खाली पुन्हा फळी, पुन्हा टेकू, पुन्हा पाणी. कापून निघालेली कडी उजेडात धरली, तेव्हा सगळ्या चिरा तिच्यातच होत्या, नव्या कडेपर्यंत एकही पोचली नव्हती. यावेळी कड पाणकागदानेच घासली. गॅसची टाकी काकांनी पोऱ्याकडून आधीच बाहेर ठेवून घेतली होती.

निष्पत्ती

टाकी तेव्हापासून चालू आहे. मोठ्या भोकातून रोजचं पाणी जातं, हाताने घासलेलं ३५ चं भोक आणीबाणीचं. मावशींना डॉक्टरांनी स्वतः समजावलं आणि टाकीच्या कपाटात एक वेगळा मऊ कपडा ठेवला. टाकी फक्त साध्या पाण्याने पुसायची, स्पिरिटचा हात काउंटरवर थांबवायचा. मावशींचा सवाल रास्त होता: "पोरं तोंड लावतात त्या काचेला, मग जंतूंचं काय?" त्यावर तोडगा निघाला सौम्य साबणाच्या पाण्याचा, आणि वरून साध्या पाण्याचा हात.

वेगळं काय करता आलं असतं

अवघडपणा भोक पाडण्यात नव्हता. बिट, वेग, पाणी, टेकू, सगळं पहिल्याच वेळी नीट जमलं होतं. निसटलं ते भोक पाडणाऱ्याच्या आणि टाकी पुसणाऱ्याच्या मधल्या जागेत. टाकी कारखान्यातून निघताना तिला काय लागता कामा नये हे कारागिराला ठाऊक होतं, आणि टाकीला रोज काय लागतं हे मावशींना. दोघांची गाठ कधी पडलीच नाही. टाकी कुठे बसणार आणि तिला कोण, कशाने पुसणार, हा प्रश्न आखणीच्या दिवशीच विचारला असता, तर ज्योत फिरवलेली कड त्याच दिवशी पाणकागदाने उतरवता आली असती, किंवा भोक तेव्हाच मोठं केलं असतं, टाकी भरायच्या आत.

दुसरी गोष्ट, गॉगलची परीक्षा. ती फुकट आहे आणि पाणी भरण्याआधी करायची आहे. काका आता अ‍ॅक्रिलिकच्या टाक्या देताना ती करून देतात. पोऱ्याला त्याची गोडी लागली आहे, तो जुनी शोकेससुद्धा पडद्यासमोर धरून बघत बसतो.

आणि नवी टाकी घेण्याचा तिसरा पर्याय? पैशांचा हिशेब मांडला, तर दोन वेळचा टेम्पो, दोन वेळची मजुरी, मासे दोनदा ड्रममध्ये, वाढीव निपल. नव्या टाकीच्या किमतीपेक्षा हे कमीच भरलं, पण डॉक्टरांनी सुरुवातीला धरलं होतं तितकं कमी नाही. दुसऱ्या दवाखान्यासाठी डॉक्टर नवी टाकी घेत आहेत, तिची भोकं शीट सुटी असतानाच राउटरने पाडून मागवली आहेत.